उजेडात धरलेलं पाणी

आटपाडीच्या एस.टी. स्टँडवर आईनं मला तांब्याभर पाणी पाजलं, उभ्या उभ्याच. बस सुरू झाली होती, कंडक्टर ओरडत होता, आणि मी घटाघटा पीत होतो, कारण अर्धं टाकलं असतं तर ती रडली असती. वडील विहिरी फोडायचे. त्यांच्या सदऱ्याला सुरुंगाच्या दारूचा वास कायम असायचा. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे अमेरिकेत कसं वागायचं याबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं एकच होतं. खिडकीशी येऊन म्हणाले, "कुणी पानी दिलं तर न्हाई म्हणू नगंस. पानी न्हाई म्हटलं, म्हंजी मानूस न्हाई म्हटलं."

तुमच्यापैकी जे असे निघून गेले, आणि जे स्टँडवर उभे राहिले, त्या दोघांसाठी हे लिहितो आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी न्यू मेक्सिकोत भूजलाचा अभ्यास करायला गेलो. तिथल्या एका उन्हाळ्यात माझा सीनियर, नागपूरचा मिलिंद, आणि मी डिपार्टमेंटचा ट्रक घेऊन उंचावरच्या वाळवंटात हिंडलो. खेड्यांतल्या विहिरींचं पाणी तपासायचं काम होतं. ऊन करपवणारं, पण सावलीत गेलं की अंगावर काटा यावा इतकी गार हवा. करडी झुडपं, आणि त्यांच्यापलीकडे काही नाही. मला मात्र माणदेशच आठवला. मातीच्या भिंती, वर धाबं, दारात वाळत टाकलेल्या लाल मिरच्या. एका गावात शिरताना मात्र एकही कुत्रं भुंकलं नाही.

बहुतेक घरं रिकामी होती, पण खिडक्यांना पडदे तसेच. गावापेक्षा गावाबाहेरची दफनभूमी जास्त भरलेली. "यार, लवकर आटप," मिलिंद म्हणाला. "इथं मागं कुणीतरी उभं आहे असं वाटतं."

एकाच दारात माणूस होतं. दोन्या एलेना. दोन्या म्हणजे तिथल्या स्पॅनिशमध्ये, आपल्याकडे काकू म्हणतो तसं. आम्ही काही विचारायच्या आत तिनं विहिरीचं पाणी ग्लासात भरून पुढं केलं. तिच्या तळहातांवर टणक फोड होते. आईच्या हातांना असतात तसे कामाचे घट्टे असतील, असं मला वाटलं. मिलिंदनं हसून 'नो, थँक यू' म्हटलं. मी प्यालो. गार होतं, गोड होतं. मी आणखी मागितलं. "असं प्यायचं असतं, मिहो," ती म्हणाली. मिहो म्हणजे लेकरा. अमेरिकेत मला तोवर लेकरा कुणी म्हटलं नव्हतं.

ट्रकमध्ये मिलिंद वैतागला. "अरे, सॅम्पल बाटलीत घ्यायचं असतं, पोटात नाही!"

लॅबमध्ये त्या पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, निघाला, भरपूर. कुणी टाकलेला नव्हता. जमिनीतच होता. त्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते. वर्षानुवर्षं प्यायलं की आधी तळहात टणक होतात. हे मिलिंदनं सांगितलं तेव्हा मी टेबलाखाली माझे हात उलटे करून बघितले. दोन ग्लासांनी काही होत नाही, हे मला कळत होतं. तरी बघितले.

आम्ही परत गेलो. मिलिंदनं तिला सगळं समजावलं, पाणी वापरू नका म्हणून विनवलं. ती ऐकून घेत होती. "माझी सासूही हेच पाणी प्याली," ती म्हणाली. मग तिनं ग्लास भरला आणि मिलिंदला वगळून माझ्यापुढं ठेवला.

"पी, मिहो."

वडील खिडकीशी उभे असल्यासारखे वाटले. मी ग्लासाला हात लावला, आणि हात काढून घेतला.

ती माझ्याकडे बघत राहिली. आकड्यांवर तिचा विश्वास बसला नव्हता, तो आता बसला. तिनं ग्लास आपल्याकडे ओढला, खिडकीच्या उजेडात धरला. "माझा नवरा शेवटी शेवटी काही खात नव्हता," ती सावकाश म्हणाली. "फक्त हेच मागायचा. मी पाजत राहिले."

हिवाळ्याआधी ती मुलीकडे आल्बुकर्कला निघून गेली. पुन्हा त्या रस्त्यानं गेलो तेव्हा तिच्याही खिडकीला पडदा तसाच होता.

शिक्षण संपवून मी पहिल्यांदा घरी आलो. आईनं माठातलं पाणी दिलं. मी ते दाराच्या उजेडात धरलं. सवयीनं.

"काय बघतोस रं त्यात?"

"काही नाही," म्हणालो आणि प्यालो. गार होतं, गोड होतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर आईनं माठ घासून काढला होता आणि तोंडाला दुहेरी फडकं बांधलं होतं. तांब्या तिनं पुढं केला. मी पिताना माझ्या डोळ्यांकडे तेवढी बघत होती. तिचे हात मी बघितले नाहीत.

ते पाणी आमच्याच विहिरीचं. वडिलांनी फोडलेली, तालुक्यात सगळ्यांत खोल. माझ्या बॅगेत सॅम्पलची रिकामी बाटली होती. ती मी रिकामीच परत अमेरिकेत आणली.

घर म्हणजे काय, असं इथं कुणी विचारलं की मला ती विहीर आठवते. इतक्या विहिरी तपासल्या. तेवढी एक अजून राहिली आहे.