पाहुण्याला न चालणारं हॉटेल

निवृत्तीनंतर धंदा करायचा, या खुळापायी मी वर्षभर धुळे-जळगावातले विकाऊ धंदे बघत फिरलो. विकणाऱ्या प्रत्येकाचं रडगाणं एकच: धंदा जोरात आहे, पण मुलगा पुण्याला असतो, बघणारं कोणी नाही. बंद गिरणीच्या मालकानेही पट्ट्यावरची जळमटं झटकत मला हेच ऐकवलं.

पिंपळनेरच्या रस्त्यावरचं हॉटेल मात्र मला पटत चाललं होतं. शेवभाजीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. मालक वयाने मोठे, सगळे त्यांना आबा म्हणत. "आठे बठ्ठं ताजं शे," इथलं सगळं ताजं आहे, असं आबा गळ्याची शपथ घेऊन सांगत होते. मुलगा अर्थात पुण्यालाच होता. जेवायची वेळ झालेली, म्हणून मी म्हणालो, एक शेवभाजी सांगा, चव तरी बघतो.

आबांचा चेहरा पडला. त्यांनी माझा हात धरून मला बाकावरून उठवलं आणि मोटारसायकलवर बसवून थेट घरी नेलं. तिथे त्यांच्या बायकोने, अक्कांनी, वरण-बट्टी वाढली, वांग्याची भाजी वाढली, वर तुपाची धार धरली.

"आबा, मी हॉटेल विकत घ्यायला आलोय," मी कुरकुरलो. "तिथलं खाऊन बघायला नको?"

आबा खरोखर दुखावले. "तुम्ही पाव्हना शेतस. पाव्हनाले हाटेलनं देतस का?"

पुण्याला असणारा मुलगा माझ्या शेजारीच बट्टी कुस्करत बसला होता. माझी समजूत काढत तो म्हणाला, "काका, आम्हीपण तिथे कधी जेवत नाही."