बाकावर न आलेल्या जखमा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. मधल्या पाण्यात पळसाचं झाड रोवलेलं असतं, त्याच्यावर झेंडा. ते तोडून आणणाऱ्यांची जीत.

नत्थूजी कंपाउंडरनं या गोटमारीत कधी दगड उचलला नाही. नदीकडून येणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी तो दवाखान्यातला लाकडी बाक आणून टाकायचा, टिंक्चरची बाटली, कापूस आणि पट्ट्या मांडायचा, आणि वाट पाहायचा. दोन्ही काठांची माणसं त्याच्याकडे येत. एकाच बाकावर बसून एकमेकांना शिव्या देत आणि विड्या एकाच काडीवर पेटवत.

इतकी वर्षं पट्ट्या बांधून त्याच्या बोटांना एक गोष्ट पाठ झाली होती. गोटा लागतो तो नडगीला, गुडघ्याला, फार तर खांद्याला. डोकं फुटलेला माणूस बाकावर जवळजवळ येतच नसे. गावाचा देवीवर होता तसा त्याचा या गोष्टीवर भरवसा होता.

छप्पन्न साली नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहणार, हे ठरून गेलं होतं. ज्या शहरात नत्थूजी पट्टी बांधायला शिकला, ते दोन महिन्यांनी परक्या राज्यात असणार होतं. कुणाला काही विचारलं नव्हतं. माणसं उगाच चिडत होती. अशात गोटमारीच्या सकाळी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला त्याचा एकुलता एक पोरगा, गजानन, म्हणाला, "औंदा झेंडा मी आणतो."

त्याच्या आईनं, कलाबाईनं, हातातली थाळी आपटली. "अवो, सांगा ना त्याले! तुम्ही गप काऊन बसले?"

"मले माहीत नाही काय गोटा कुठं लागते ते?" नत्थूजी म्हणाला. त्यानं पोराला समोर उभं केलं आणि नडग्यांना, गुडघ्यांना, खांद्यांना कापसाचे जाड थर लावून पट्ट्या आवळल्या.

"बाबा, गादी करून राहिले काय माही?" गजानन हसला.

कलाबाई फेटा घेऊन आली. "अन् डोक्याले?"

"राहू दे. पाण्यात फेटा डोळ्यावर आला तर दिसंल काय त्याले?"

फेटा तिच्या हातातच राहिला.

दुपारपर्यंत बाक भरला. नडगी, पाऊल, खांदा, पुन्हा नडगी. प्रत्येक जखम पाहून नत्थूजीचा श्वास थोडा मोकळा होत होता. नदीकडून ढोल ऐकू येत होते. मधेच ते थांबत, तेव्हा त्याची बोटंही थांबत.

शाळेत गणित शिकवणारे विनायक मास्तर लंगडत आले. "पाहायला गेलो होतो हो. फुकटचा प्रसाद मिळाला."

"मास्तर, तुमच्यासारख्याले पाहून तर नेम धरतात लोक," नत्थूजी म्हणाला. "पाहा, तुमचीही नडगीच. मी सांगतो ना, गोटा खालीच लागते."

मास्तरांनी बाकावरून नजर फिरवली. टिंक्चर झोंबत होतं, तरी ते कण्हायचं विसरले. "नत्थूजी, डोकी कुठं आहेत?"

"येतच नाही."

"फुटत नाहीत, की येत नाहीत? मॅट्रिकच्या वर्गात पाहिलं तर मला वाटतं गावातली सगळी पोरं हुशार. कच्ची पोरं आधीच शाळा सोडून गेलेली असतात. वर्गात आला या अटीवर हुशार. तुमच्या बाकावर जो पोचतो, त्याला चालता येतं आणि त्याची जखम देवीला दाखवण्याइतकी मोठी नसते. त्या अटीत नडग्याच उरणार." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "मी देवळावरूनच आलो. अंगाऱ्यासाठी रांग लागली आहे. सारी डोकीच."

नत्थूजीच्या हातातली पट्टी सुटून गुंडाळी उलगडत गेली. डोकं फुटलं की माणसाला उचलून देवळात न्यायचं, जखमेत देवीचा अंगारा भरायचा, ही गावाची जुनी रीत. त्याला ती माहीत होती. रोज पाहिलेल्या भिंतीसारखी माहीत होती, म्हणूनच दिसली नव्हती. नदीत दगड सगळीकडेच लागत होते. त्याच्याकडे त्यांतला एक वाटा येत होता, आणि तेवढ्यालाच त्यानं सगळं मानलं होतं. त्या वाट्यावरून त्यानं आपल्या पोराचं अंग बांधलं होतं. डोकं उघडं ठेवून.

तो उठला आणि देवळाकडे धावला.

भिंतीला टेकून माणसं बसली होती. केसांत रक्त, रक्तावर राख. वाकून त्यानं एकेक तोंड पाहिलं. गजानन नव्हता. क्षणभरच बरं वाटलं. बाकावर नाही, देवळात नाही. म्हणजे एक तर पोरगा धड आहे, नाही तर अजून पाण्यात.

नदीकडून आरोळी उठली. चौघं जण कुणाला तरी उचलून पळत येत होते. खाली लोंबणाऱ्या पायांवरून नत्थूजीनं ओळखलं. नडग्यांवरचा कापूस भिजला होता, पण त्याच्यावर एक ठिपकासुद्धा रक्त नव्हतं. रक्त सगळं वर होतं, डाव्या कानाच्या मागं.

"बाकावर घ्या," तो म्हणाला.

"काका, पहिले देवीले दाखवू द्या."

"बाकावर!"

कलाबाई पायरीवर उभी होती, मुठीत अंगारा घेऊन. आरोळी ऐकून ती कोणाच्याही आधी पोचली होती. "तुमचा गोटा तर पायाले लागत होता ना?"

चौघंही थांबले. रक्त पायरीवर ठिबकत होतं.

"मी चुकलो," तो म्हणाला. "मले अर्धंच दिसत होतं. पण टाका घालता येते मले, कला. जखमेत राख नको टाकू."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. मग मूठ उघडून अंगारा गजाननच्या कपाळाला लावला, जखमेपासून दूर, आणि स्वतःच पोराचं डोकं हातात धरून बाकाकडे चालू लागली. टाके पडेपर्यंत तिनं ते सोडलं नाही.

गजानन वाचला. डाव्या कानानं मात्र त्याला पुढं जन्मभर कमीच ऐकू आलं. बापानं हाक मारली की तो मान वळवून उजवा कान पुढं करायचा, आणि नत्थूजी तेवढ्यापुरता खाली पाहायचा.

पुढच्या पोळ्याला त्यानं बाक गल्लीच्या तोंडाशी टाकला नाही. देवळाच्या पायरीला लावून टाकला. पुजाऱ्याशी ठरलं होतं, अंगारा कपाळाला, टिंक्चर जखमेला. संध्याकाळपर्यंत कापूस संपला. खाली उतरणारे लोक हळहळत होते की औंदा डोकी फार फुटली बाप्पा, असं साल पाहिलं नाही.

नत्थूजी रक्तानं भरलेले हात धूत होता.

"दरसालाइतकीच," तो म्हणाला.