गोंडपिपरीची पेशी

त्या दिवशी छपरीत कोन-कोन होते ते पयले सांगते. मी होती. माहा बुढा होता, जाळं सुधरवत. नात होती, सात-आठ वर्साची, माह्या मांडीवर डोकं ठेवून. कुंपनापल्याड जाऊबाई धान पाखडत होती, पन कान इकडंच. अन् दवाखान्यातली नर्सबाई होती, लांबून बदली होऊन आलेली, आमच्या भागात नवीन. पोट्टीचे मायबाप घरी नोहोते. ते तेलंगणात मिरची तोडाले गेले होते, दरवर्साले जाते तसे.

पोट्टीचं दुखनं पाळन्यापासूनचं. हातापायाची बोटं सुजे, हाडं ठनकत. डोळे पिवळे दिसे. आमी त्याले वात म्हनो. मी मोहाच्या टोरीचं तेल कोमट करून चोळत बसे अन् ते रडू रडू झोपे. तिच्या आंधीचा भाऊ असाच पिवळा पडून, पोट फुगून गेला होता. हे तरी राहावं, एवढंच आमचं मांगनं होतं.

शाळेत साऱ्या लेकरायचं बोट टोचून रगत नेलं होतं, त्याच्यावरून नर्सबाई घरी आली. तिनं एक मोठं चित्र उलगडलं, कातडं सोललेल्या मानसाचं.

"आजोबा, आपलं सगळं शरीर पेशींचं बनलेलं असतं," ती म्हने. "पेशी मिळून ऊती होतात, ऊतींचे अवयव होतात आणि अवयवांची संस्था. ही श्वसनसंस्था, ही पचनसंस्था."

बुढा तलावाच्या मच्छीमार संस्थेचा मेंबर. त्यानं जाळ्याची सुई खाली ठेवली. "पचनसंस्थेचा अध्यक्ष कोन हाये बाई? आमच्या संस्थेत तं अध्यक्षच सारं पचवते."

जाऊबाई फसकन हासली. नर्सबाईले काई समजलं नाई.

"आजोबा, हसण्यावारी नेऊ नका. तुमच्या नातीच्या पेशीत दोष निघालाय. सोमवारी तिला गोंडपिपरीला घेऊन या. तिथं पेशी बघितली की नक्की कळेल."

आता आमच्याकडं पेशी म्हनजे कोर्टाची. तारीख लागली का मानूस म्हनते, आज माही पेशी हाये. अन् आमची पेशी चालूच होती, गोंडपिपरीलेच, सख्ख्या दिरासंगं, वावराच्या धुऱ्यापायी, म्हनजे बांधापायी. एक हात धुरा त्यानं इकडं सरकवला, असं बुढ्याचं म्हननं. आमी सरकवला, असं दिराचं.

बुढ्याचं तोंड कडक झालं. "पेशीत दोष कोनं काढला?"

"तपासणीत निघाला ना."

"मंग या लेकराले काऊन बोलावता?"

"तिचीच तर पेशी आहे, आजोबा. आई-वडलांनाही बोलवून घ्या, त्यांच्याही पेशी बघाव्या लागतील."

कुंपनापल्याडून जाऊबाई म्हने, "अवं माय! आता दुधाच्या दाताचे साक्षीदार लागते का कोर्टात?"

"तुह्याच नवऱ्यानं लावलं असन," बुढा तिच्यावर खेकसला.

नर्सबाईले वाटलं हे घरचं भांडन हाये. तिले अजून घरं फिराची होती. सोमवार विसरू नका म्हनून ते गेली.

सोमवारी आमी गेलो नाई. बुढा म्हने, मी जित्ता असतानी माही नात कोर्टाची पायरी चढनार नाई. मलेही ते बरोबर वाटलं.

मंग पूसाची थंडी पडली. पोट्टी बुढ्यासंगं तलावावर गेली अन् हासत हासत कमरेवरी पान्यात उतरली. दुसऱ्या दिवशी सकारी तिले उठवेना. छातीत दुखते म्हने, श्वास अर्धाच घे. पोटाच्या डाव्या अंगाले हात लावला तं बरगडीखालची पानथरी फुगून दगडासारखी. तिच्या भावाचंही असंच झालं होतं.

बुढा कुंपनाजवळ जाऊन नुसता उभा राह्यला. दिरानं त्याच्याकडं पाह्यलं अन् फटफटी बाहेर काढली. मधात पोट्टी, मांगं मी.

गोंडपिपरीच्या दवाखान्यात तिच्या नाकाले नळी लावली, सलाईन लावलं. डॉक्टरीनबाईनं कागद पाह्यला अन् मले पुसलं, "आजी, सोमवारी पेशी तपासाले काऊन नाई आले?"

मी म्हनलं, "बाई, पेशी तं पुढच्या महिन्यात हाये."

दीर म्हने, "हो, वकिलानं मलेही तेच सांगतलं."

डॉक्टरीनबाई आमच्याच मुलखातली. पयले तिले हासू आलं, मंग तिनं डोक्याले हात लावला. दोघायलेही बाकावर बसवलं. म्हने, रगतात बारीक बारीक कन असते, डोळ्यानं दिसत नाई, त्याले पेशी म्हनते. आपलं सारं आंगच त्याचं. तुमचं कोर्ट अलग, हे अलग.

तपासनाऱ्या भाऊनं दुर्बिनीतून मले दाखवलं. लाल पेशी भाकरीसारख्या गोल असाव्या. पोट्टीच्या मधात मधात धान कापाच्या इळ्यासारख्या वाकड्या होत्या. पाटात काड्या अडकल्या का पानी तुंबते, तशा ह्या बारीक नसीत अडकते. जिथी अडकल्या तिथी दुखनं. थंडीनं, पानी कमी पेल्यानं जास्तच अडकते. अन् रगत बनते हाडातल्या मगजात. मले वाटे काळजात बनते. जिंदगीभर मासे चिरले, काळीज पाह्यलं, पित्त फुटू न देता काढलं, पन रगत कुठून येते हे कोनाले पुसलं नाई.

पोट्टी वाचली. श्वास सरळ झाला तवा पयलं तिनं मुरमुरे मांगतले.

गावात आल्यावर जाऊबाई म्हने, "सुनेच्या माहेरचं रगतच खराब." मिरचीहून आल्यावर पोराचं अन् सुनेचं रगत तपासलं. दोघायमंदीही हे दुखनं अर्धं अर्धं निघालं, तरास नाई देत असं, पन दोन्हीकडचं मिळून पोट्टीत पुरं झालं. म्हनजे आमच्या घरचंही होतं. मंग दिरानंही आपल्या लेकरायचं तपासून घेतलं, अन् त्याच्या एका पोरीत अर्धं निघालं. तवापासून जाऊबाई माहेर काढत नाई.

धुऱ्याची पेशी अजून चालू हाये. नात शाळेत जाते, रोज गोळी घेते, पान्याची बाटली गळ्यात. थंडीत मी तिले तलावावर जाऊ देत नाई. ते चिडते. चिडू देते.

तुमी हे वाचत असान तं एक करा. घरात लेकराचे हातपाय सुजत असन, डोळे पिवळे दिसत असन, तं तेल चोळत बसू नका. त्याचं रगत तपासून घ्या, अन् मायबापाचंही.