न धुतलेला अभ्रा

माझ्या आत्याला शिसारी फार लवकर येते. रुग्णालयाच्या लाँड्रीत तिला सगळे ‘नाकबाई’ म्हणतात. मळक्या चादरींचे ढीग आले की ती ते वेगवेगळे करते: रक्ताचं एकीकडे, औषधांचं दुसरीकडे आणि उरलेलं, ज्याचं वर्णन मी टाळतो, ते तिसरीकडे. पूर्वी हे सगळं ती कामावरच ठेवून यायची. मग वास तिच्यामागोमाग घरी येऊ लागले. मुलाच्या मोज्यांना, सुनेच्या केसांना, नातवाच्या तोंडाला. “आधी अंघोळ करून या,” म्हणायची. जेवता जेवता उठून बेसिनकडे धावायची.

शेवटी मुलाने वेगळं घर केलं. जाताना म्हणाला, “आई, तू आमच्याकडे माणसं म्हणून बघतच नाहीस, धुणं म्हणून बघतेस. चार माणसांत बसायला शीक, मग आम्ही येतो.”

चार माणसांत बसायला शिकवणारी जागा रुग्णालयाच्या तळघरात होती. एक समुपदेशक मुलगी तिथे दर आठवड्याला आठ-दहा जणांना गोलात बसवायची. ज्याला जे सोसवत नाही ते त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आत्याला पहिल्याच दिवशी मळमळलं. खुर्च्यांचे हात चिकट. रडून ओले झालेले टिश्यूचे बोळे लोकांच्या मांडीवर. एक मास्तर बाहीलाच नाक पुसत होते. त्यात सुरुवातीला सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे.

शेजारी एक म्हातारे बस ड्रायव्हर होते, बायको नुकतीच गेलेली. “द्या हो हात, चावत नाही मी.”

“चावलात तर इंजेक्शन मिळेल. पण घामाचं काय करू?”

सगळे हसले, ड्रायव्हरकाका सगळ्यात मोठ्यानं. घर रिकामं झाल्यापासून आत्याबरोबर कुणी हसलं नव्हतं. ती पुढच्या आठवड्यालाही गेली, आणि त्याच्या पुढच्याही. खुर्च्या पुसू लागली. समुपदेशक मुलीने खोलीतल्या कपाटाची किल्ली तिच्याकडे दिली.

त्या कपाटात लोकांच्या वस्तू असत. ज्याला बोलणं जमत नाही त्याने आपल्या माणसाची एखादी वस्तू आणायची आणि ती हातात धरून बसायचं, अशी तिथली पद्धत. काकांनी उशीचा अभ्रा आणला होता. “इथंच राहू दे. घरी असला की मी दुसरं काही करतच नाही,” एवढंच म्हणाले. अभ्रा पिवळट पडलेला. मधोमध तेलाचा डाग, कडेला लाळेचे वाळलेले ओघळ. कपाट उघडलं की आत्या श्वास रोखून धरायची. बायको गेल्यावर बिचाऱ्याचं धुणार कोण, असं तिला वाटलं. एके दिवशी तिने तो दोन बोटांत धरून पिशवीत टाकला, लाँड्रीत नेला, उकळत्या पाण्यातून आणि ब्लीचमधून काढला, कडक इस्त्री केली. मग पुढच्या बैठकीला सगळ्यांसमोर काकांच्या मांडीवर ठेवला.

काकांनी तो नाकाशी नेला. उलटा केला, शिवणीत नाक खुपसलं.

“हा कुणाचा?”

“तुमचाच. बघा तरी कसा निघालाय!”

“यात ती होती,” काका म्हणाले.

मास्तर उसळले. “अहो, धुवून टाकलंत तुम्ही त्यांचं माणूस! घालवा या बाईला.”

“आपण इथं कुणाला दोष देत नाही,” समुपदेशक मुलगी म्हणाली. मग आत्याकडे वळून हळूच, “पण काही दिवस तुम्ही आला नाहीत तर बरं.”

आत्याच्या हातांना ब्लीचचा वास येत होता. स्वच्छ वासाने तिला त्या दिवशी पहिल्यांदा मळमळून आलं. आपल्याच हातांची किळस आली. तिने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि उठली.

“थांबा,” काका म्हणाले. “धुण्याआधी वास घेतला होता तुम्ही?”

“घ्यावा कशाला लागतोय? पिशवीचं तोंड बांधलं तरी येत होता.”

“कसा होता?”

“काका, आज नको,” मुलगी मधे पडली.

“तू गप्प बस गं. अहो, कसा होता? वास अभ्र्याला होता म्हणून मी तो डोक्यात ठेवलाच नाही.”

“घाण होता,” आत्या म्हणाली. “खोटं सांगणार नाही.”

“खोटं सांगूच नका.”

“वरून केसांचं तेल. खवट झालेलं. त्याखाली खोकल्याचं औषध, गुळमट. आणि लाळ. डाव्या बाजूला जास्त.”

“डाव्या कुशीवरच झोपायची.” काका खुर्चीत पुढे सरकले. “मग?”

“मग घाम. पण तुमच्यासारखा नाही. तापातला, शिळा, आंबूस...” आत्याने तोंडावर हात दाबला आणि बाहेर धावली. बेसिनमध्ये ओकली, चूळ भरली. परत आली तर मास्तरांनी तोंड फिरवलेलं, समुपदेशक मुलगी खाली बघत होती. दारात उभी राहून आत्या पायपुसण्याला पाय घासत राहिली.

काकांनी शेजारची खुर्ची थोपटली. “या. औषधाच्या खाली आणखी काय होतं?”

आत्या बसली, आणि नाकाला रुमाल लावून आठवू लागली.