आमच्या गल्लीचा बडग्या

देवाजीमामा शिंप्यांनी गळ्यातली टेप तुमच्या कमरेभोवती टाकली की समजावं, अब्रू गेली. “दोन बोटं आटले गा तुमी! पोट बिघडलं काय?” हे ते अशा आवाजात विचारत की समोरच्या पानठेल्यावरची माणसंही उत्तरासाठी थांबत. नागपुरातल्या आमच्या गल्लीत डॉक्टर नव्हता. शिंपी होता.

त्या पावसाळ्यात सगळ्या गल्लीचीच मापं आटली. सखूबाईंच्या नातवाचा सदरा मामांनी दोनदा आत घेतला. त्या तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मामांनी तो शिवायला घेतलाच नाही.

“आता नाही घेत वं आत. आणखी घेतला तर पोरगं राहीन कुठं?”

सखूबाई रडू लागल्या. मामा उठले ते थेट गल्लीच्या विहिरीवर गेले. कठडा खचलेला. धुण्याभांड्यांचं पाणी आरामात पुन्हा विहिरीत उतरत होतं, आणि आम्ही सगळे तेच पीत होतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती आणि बडगे निघतात. ‘रोगराई घेऊन जा’ असं ओरडत हे अगडबंब पुतळे वाजतगाजत मिरवायचे आणि शेवटी जाळायचे. आमच्या बडग्याची वर्गणी मामांकडे जमे. त्या वर्षी त्यांनी ती सगळी विहिरीवर घातली. विहीर उपसली, नवा कठडा बांधला, ओटा केला, सांडपाण्याला नाली काढली. आम्हाला वाटलं, कुणी दानशूर भेटला!

पोळ्याच्या दिवशी कळलं की बडग्याच नाही.

“मामा, आमाले न विचारता काहून केलं हे?” पानठेलेवाले बंडूजी गरजले. “उद्या बाकीच्या गल्ल्या हसतीन!”

“विचारलं असतं तर हो म्हटलं असतं काय?”

बंडूजी पाय आपटत ठेल्याकडे वळले. मामा मागून ओरडले,

“बडग्याच पाहिजे न तुमाले? सकाळी भेटते.”

सकाळी हातठेल्यावर खुद्द मामा! तोंडाला काजळी, पोटाला उशी, गळ्यात टेप. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला कारकून. नवी पँट सांभाळत ठेला मी ढकलला. गल्लीची हसून पुरेवाट झाली. सर्वांत मोठ्यानं बंडूजीच ओरडले, “हगवण-वांत्या घेऊन जा गा बडग्या!” मामा प्रत्येक आजाराला हात जोडून म्हणत, “या, बसा, जागा आहे.” पुढं पुतळे पेटू लागले तशी त्यांनी टुणकन उडी मारली. “मले नका जाळू गा! दिवाळीचे कपडे शिवाचे आहेत!”

दिवाळीआधी सखूबाई तोच सदरा घेऊन आल्या. मामांनी शिवण उसवली. दोन्ही वेळची.

पुढं दरसाल वर्गणीचा एक वाटा बडग्याचा आणि एक विहिरीचा, असं ठरूनच गेलं.

मामा गेले ते बऱ्याच वर्षांनी, पिकल्या वयात. खांदा द्यायला सखूबाईंचा नातू होता. तो एवढा उंच झाला होता की तिरडी एका बाजूनं वर जात होती. बंडूजी डोळे पुसत म्हणाले, “घेऊन जा गा बडग्या, असं ओरडावंसं वाटून राहिलं.”

सखूबाईंनी मान हलवली. “रिकाम्या हातानं जाऊ दे गा देवाजीभाऊले. न्यायचं होतं ते त्यानं त्या सालीच नेलं.”