कळशीतली ठकी

आत्याबाईंनी विट्याला जाताना मला एकच काम सांगितलं होतं. काही करायचं नाही.

"सुमन, भाकरी कर, आमटी कर. गोठ्याकडं मातुर फिरकू नगंस," असं म्हणून माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, विट्याच्या वन्संच्या बाळाच्या बारशाला गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं परत येणार होत्या. तेवढा वेळ गोठ्याकडं फिरकायचं नाही, इतकं सोपं काम! तेही मला जमलं नाही.

त्यांचंही काही चूक नव्हतं. मी कराडची, भर पेठेत वाढलेली. दूध तांब्यातून येतं, याच्या मागं माझी माहिती जात नव्हती. सासर कराडहून विट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, मळ्यातल्या वस्तीवर. बाहत्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. त्या दुष्काळात मामंजींनी आधी गंगी म्हशीच्या वैरणीचं बघितलं, मग स्वतःच्या ताटाचं. गंगी जगली, आणि पुढच्या वर्षी तिला रेडी झाली. तीच ही ठकी.

ठकीचे लाड काय विचारता! आत्याबाई तिच्या पाठीला खोबरेल चोळायच्या (बाटली माझी, माहेरहून आणलेली!). मामंजी पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. ते जनावरांशी हिंदीत बोलायचे. "ठकी, सब ठीक?" अशी रोज सकाळी विचारपूस व्हायची. माणसांशी फारसं बोलायचे नाहीत आणि माझ्याशी तर नाहीच. मी समोर आले की ते खाकरायचे, मी डोक्यावरचा पदर पुढं ओढायचे. झालं आमचं संभाषण.

तर दुसऱ्या दिवशी दुपार व्हायला आली होती, मामंजी आणि हे मळ्यात कांद्याला पाणी पाजायला गेले होते आणि ठकी ओरडायला लागली. आधी बारीक आवाजात, मग असं काही, की ऐकणाऱ्याला वाटावं मीच तिचा छळ चालवलाय. माझं मन द्रवलं. (माझं मन द्रवलं की घरात काहीतरी मोडतं, हे तोवर कुणाला माहीत नव्हतं.) गुळाचं पाणी द्यावं म्हटलं. बादली शेणानं भरलेली. चुलीशेजारी आत्याबाईंची माहेरची, रुंद तोंडाची पितळी कळशी होती, चिंचेनं घासून आरशासारखी केलेली. तीत गूळ कालवला आणि ठकीपुढं ठेवली.

ठकी पाणी प्यायली. तळाशी गूळ राहिला होता. तिनं तोंड आणखी आत घातलं, आणखी आत घातलं, आणि कळशी थेट डोळ्यांवरून कानांपर्यंत गेली. मग ठकीनं मान वर केली. मानेबरोबर कळशीही वर आली!

मी ओढली. हलेना. आतून ठकीचा श्वास शंख फुंकल्यासारखा घुमत होता. मी बांधावर जाऊन ओरडले, "आवं! जरा घरी या! ठकीला... ठकीचं डोकं दिसंना!"

दोघं धावत आले. मागोमाग शेजारच्या मळ्यातले ज्ञानूतात्याही आले. कुठंही काही बिघडलं की ज्ञानूतात्या हजर असायचे, आणि त्यांच्याकडं सल्ला तयार असायचा.

"ह्ये कुणी केलं?" ह्यांनी विचारलं.

मी पदर पुढं ओढला. उत्तर मिळालं.

"त्याल लावा," ज्ञानूतात्या म्हणाले.

खोबरेलाची उरलेली बाटली कळशीच्या काठाभोवती रिकामी झाली. मामंजींनी दावं सोडलं, ठकीला मागनं कवटाळलं आणि ह्यांनी कळशी धरली. मामंजींनी हुकूम सोडला, "एक, दो, तीन... खींचो!" हे तेलकट हातांनी सटकले आणि शेणाच्या पाटीत बसले. कळशी जागची हलली नाही.

आता मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. ठकीचा घुमणारा श्वास बारीक होत चालला होता. पुढचे पाय थरथरत होते. दाव्याला बांधलेली गंगी लेकराचं हे भलतंच रूप बघून हिसके मारत होती.

"कापा कळशी," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "दुष्काळात म्हस वाचिवली, आन् आता घरच्या घरात रेडकू घालवायचं व्हय?"

"आन् आईला काय सांगू?" हे म्हणाले.

"सांग मी कापली म्हनून. जा, इंजनाच्या खोलीतनं करवत आन!"

हे करवत आणायला पळाले. मी तिथं रडत उभी. आपल्या हातून झालंय तर आपणच निस्तरावं, असं माझ्या मनात आलं. आमच्या पेठेत बरणीचं झाकण घट्ट बसलं की कडेनं ठोकायचे, म्हणजे सुटायचं. चुलीपाशी जाऊन उलथणं घेऊन आले. मी पुढं झाले आणि कळशीवर एक हलकासा ठोका दिला.

हलका मला. आत डोकं असणाऱ्याला तो देवळातल्या घंटेएवढा लागला असणार! ठकी जागच्या जागी उडाली, मामंजींच्या हातातून सुटली, आणि पितळी डोकं मिरवत, आंधळी, कांद्याच्या वाफ्यांतून सुसाट निघाली. सरळ विहिरीकडं!

विहिरीला तीन बाजूंनी कठडा होता. जिथं पूर्वी मोट चालायची ती बाजू तेवढी उघडी. ठकीनं बरोबर तीच बाजू निवडली.

"हीर! हीर!" ज्ञानूतात्या ओरडले.

"ठकी, रुक जाओ!" मामंजी ओरडले.

मी कशी धावले मला ठाऊक नाही. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून आडव्या वाटेनं ठकीच्या पुढं गेले आणि उघड्या बाजूला, विहिरीकडं पाठ करून उभी राहिले. हात पसरले. पण आंधळ्या जनावराला पसरलेले हात काय दिसणार?

"सूनबाई, गंगीवानी आवाज द्या!" मामंजी मागून ओरडले. "आवाजानं वळंल ती!"

मामंजी माझ्याशी पहिल्यांदाच थेट बोलले, आणि बोलले तेही हे! मी डोळे मिटून म्हशीसारखी ओरडले. दोन मळे ऐकतील अशी ओरडले. ठकी थबकली. कळशी इकडं फिरली, तिकडं फिरली. मग तिला आई कुठं आहे ते नक्की समजलं, आणि ती तीरासारखी माझ्याकडं आली.

कळशी थेट माझ्या पोटात बसली. मी ती दोन्ही हातांनी गच्च धरली आणि मागं गेले. मागं जमीन नव्हती. माझ्या सगळ्या वजनाचा हिसका कळशीला बसला, काठाचं तेल कामाला आलं, आणि बूच निघाल्यासारखा आवाज झाला. ठकी काठावर राहिली. कळशी आणि मी विहिरीत!

पाणी भरपूर होतं. मला पोहता येत नव्हतं. खाली गेले, पाणी प्यायले, आता संपलं म्हटलं. मग कुणीतरी मला वर ओढलं. बघते तर कळशी! ती पालथी पडली होती, आत हवा कोंडली होती, आणि मी तिला छातीशी कवटाळून भोपळ्यावर तरंगावं तशी तरंगत होते.

वरून जयघोष ऐकू आला. "सुटली! सुटली रं!" मला भरून आलं. किती माया करतात ही माणसं, असं वाटलं. मग मामंजींचा गहिवरलेला आवाज आला, "ठकी, शाबाश! शाबाश बेटी!"

ठकीच्या पाठीवर थापा पडल्याचे आवाज आले. मग ज्ञानूतात्या म्हणाले, "आरं, पर सून कुठं गेली?"

हे काठावर येऊन वाकले. "अगं ए!" विहिरीनं ए, ए, ए असं परत सांगितलं.

"आरं, ए काय? नाव घेऊन हाक मार की गड्या!" ज्ञानूतात्या खेकसले.

"सुमन!" लग्नातला उखाणा सोडला तर ह्यांनी माझं नाव तेव्हा पहिल्यांदा घेतलं. विहिरीनं ते चार वेळा घेतलं. मी ओ देणार, एवढ्यात ह्यांच्या शेजारी मामंजींचं तोंड दिसलं. मी कळशीवरचा एक हात सोडला आणि डोक्यावर पदर ओढून घेतला. तेवढ्यात पुन्हा बुडाले.

ह्यांनी करवत फेकली आणि उडी घेतली. (त्या उडीच्या लाटेनं मी तिसऱ्यांदा बुडाले, पण उद्देश चांगला होता.)

"कळशी सोड, मला धर!"

"न्हाई सोडणार! आत्याबाईंची हाय!"

शेवटी ह्यांनी मला कळशीसकट पायऱ्यांकडं ढकलत नेलं. थरथरत एकेक पायरी चढले. वर पोचते तर समोर आत्याबाई! दुपारची एस.टी. नेमकी त्याच दिवशी वेळेवर आली होती. काखेत पिशवी, कपाळावर बारशाचा मळवट. शेणापाण्यानं निथळणारा लेक, दावं तोडून विहिरीपाशी आलेली गंगी, तिच्या पोटाला लागलेली तेलकट ठकी, आणि विहिरीतून कळशी घेऊन वर आलेली सून, हे सगळं त्यांनी नीट बघून घेतलं.

"अगं, पानी काढायला रहाट हाय की," त्या मला म्हणाल्या. "आत उतरून कशाला आनायचं?"

 मग माझी दातखीळ बसलेली त्यांना दिसली. पिशवीतलं वन्संकडून मिळालेलं कोरं लुगडं त्यांनी घडी मोडून माझ्याभोवती गुंडाळलं आणि मामंजींकडं वळल्या. "रेडकासाठी पोरीला हिरीत घातली व्हय तुमी? आवं, पोर गेली असती तर कराडात काय तोंड दावलं असतं मी?" मामंजी नुसते खाकरले. मी आत्याबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले, आणि त्यांचंही लुगडं भिजवलं.

ती विहीर अजून आहे. वाट सांगताना आमच्याकडं सगळे म्हणतात, "सून पडलेल्या हिरीपास्नं डावीकडं वळा." परवा एका पाहुण्याला मीही तशीच खूण सांगितली. त्यानं हसून विचारलं, "कुणाची सून हो, मावशी?"

"होती एक येडी," मी म्हटलं. "कराडची होती म्हणं." आणि त्यानं आणखी काही विचारायच्या आत चहा टाकायला आत गेले.