ओळख न देणारी पोर

"तो? माले नही माहीत कोण शे."

हे ती इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणायची, की हवालदारही क्षणभर फसायचा. शेजारी बसलेला पाच-सहा वर्षांचा पोरगा तिच्याच कागदातला पाव खात असायचा, अंगात तिचाच जुना फ्रॉक, तरी ओळख नाही म्हणजे नाही. धुळ्याच्या बसस्थानकावर माझा वर्तमानपत्रांचा स्टॉल आहे. तुम्हीही अशी बाटल्या गोळा करणारी पोरं पाहिली असतील. ही बारा-तेरा वर्षांची असेल.

एकदा मी विचारलं, "अगं, भाऊ ना तुझा?"

"भाऊच शे नाना. पन सांगानं नही."

मग मास्तरीण असल्यासारखं तिने मला समजावलं. एकाला पकडून नेलं, तर दुसऱ्याने ओळख द्यायची नाही. म्हणजे एक बाहेर राहतो आणि बाहेरचा आतल्याला सोडवतो. खरं तर पोरगा तिला पिंपळनेरच्या गाडीत एकटाच रडताना सापडलेला. मी हसलो. हुशार आहेस, म्हटलं.

थंडीत त्याला ताप भरला. तीन दिवस तो माझ्या स्टॉलमागे पडून होता. मी गोळ्या दिल्या आणि कामाला लागलो. चौथ्या दिवशी दुपारी त्याला झटके आले, कुणीतरी अँब्युलन्स बोलावली, सोबत हवालदार आला. "याच्याबरोबर कोण आहे?"

"माले नही माहीत," ती सवयीने बोलून गेली. गाडी निघाली तशी ती मागे रस्त्यापर्यंत धावत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मला ओढतच दवाखान्यात नेलं. "नाना, तुम्हीन सांगा त्यासले, तो मना भाऊ शे."

पोरगा पहाटेच गेला होता. नोंद अनोळखी म्हणून. ती बघू द्या म्हणत राहिली. नोंदणीच्या खिडकीतला माणूस माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा, ही बहीण आहे का त्याची?"

मला जबाब, सह्या, पोलिसांच्या फेऱ्या दिसायला लागल्या. "तसं नक्की सांगता येणार नाही," मी म्हणालो.

तिने माझा हात सोडला. फाटकाबाहेर निघून गेली.

पुन्हा स्थानकावर आली नाही. जळगाव स्टेशनवर दिसली असं कुणी म्हणालं, म्हणून दोनदा जाऊन मी सगळे फलाट पाहिले. सापडली असती तर काय बोललो असतो, ठाऊक नाही. पोराला बेवारस म्हणून पुरलं, आणि तो कोणाचा हे मला पक्कं माहीत होतं.